'द फार होरायझन्स' (१९५५): लावू का नको?

रंकाळा_संध्याकाळ

लोकहो, एक सल्ला पाहिजे. राजारामपुरीत एका क्लासच्या हॉलमधे आम्ही काहीजण महिन्यातून एकदा जुने सिनेमे लावतो. प्रोजेक्टर आपला, खुर्च्या क्लासच्या, येणारे निम्मे रिटायर्ड आणि निम्मे कॉलेजचे. पुढच्या वेळेला विषय 'प्रवास' आहे आणि ग्रुपवर कुणीतरी 'द फार होरायझन्स' सुचवला, १९५५ चा, पॅरामाउंटचा. चार्लटन हेस्टन, फ्रेड मॅकमरे, डॉना रीड. नावं वाचूनच सगळ्यांनी धडाधड अंगठे टाकले. लावायच्या आधी एकदा नजरेखालून घालावा म्हणून मी बघितला आणि तेव्हापासून डोकं खाजवतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोष्ट खरी घडलेली आहे. १८०३ साली अमेरिकेनं फ्रान्सकडनं लुईझियाना नावाचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला. घेतला खरा, पण त्यात आहे काय ते घेणाऱ्यालाच धड ठाऊक नाही. तिकडच्या मोहिमेची आखणी अध्यक्ष जेफरसननं खरेदीच्या आधीच सुरू केली होती. त्यानं आपल्या सेक्रेटरीला, मेरिवेदर लुईसला सांगितलं की मिसुरी नदीनं वर वर जा, डोंगर ओलांड आणि पलीकडच्या समुद्रापर्यंत वाट आहे का बघून ये. लुईसनं जोडीला विल्यम क्लार्क घेतला. मे १८०४ मधे निघाले ते सप्टेंबर १८०६ मधे परत आले. आणि वाटेत त्यांच्याबरोबर होती शोशोनी जमातीची सॅकाजावीया. आता मला सांगा, एवढं आयतं ताटात वाढलेलं असताना पिक्चर पडायचा कसा?

तर असा पडायचा. सुरुवातच एका बंगल्यात. ज्युलिया नावाची बाई आहे, लुईसचं तिच्यावर मन, तेवढ्यात क्लार्क येऊन तिला घेऊन जातो, लुईस तोंड पाडतो. मग दोघं मोहिमेवर निघतात, तिथं सॅकाजावीया भेटते, आता क्लार्कचं मन हिच्यावर, लुईसला ते खटकतं, मधे थोडे बाण, थोडी नदी, परत प्रेम. शेवटी ती पार वॉशिंग्टनपर्यंत येते, ज्युलियाला बघते आणि इथं आपलं काही खरं नाही असं ठरवून चिठ्ठी ठेवून निघून जाते. संपला पिक्चर. पॅसिफिक समुद्र गाठला की काहीतरी वाटायला पाहिजे ना राव, दोन माणसं जीव पणाला लावून खंड ओलांडतायत! काही म्हणजे काही वाटत नाही. आणि ते लुईस-क्लार्कचं भांडण तर असलं मिळमिळीत, की खासबागेत जोड लागावी, हलगी कडाडावी आणि दोघं पैलवान नुसती सलामी देऊन कपडे घालून घरी जावेत.

क्लार्क झालेला हेस्टन वाईट नाही, पण त्याला करायला काही ठेवलेलंच नाही. लुईस झालेला मॅकमरे पूर्ण वेळ कंटाळलेला दिसतो. डॉना रीडला तपकिरी रंग फासून सॅकाजावीया म्हणून उभी केलीये. बिचारीनं दोनच वर्षांपूर्वीच्या सिनेमासाठी सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर घेतलेलं, आणि इथं वाट्याला काय, तर हरणीसारखं बघत राहा.

तर विचारायचं असं की लावू का नको? लावला तर आधी दहा मिनिटं बोलावं लागेल, त्यात काय सांगू? आणि नसेल लावायचा तर याच जातीचा, पण बरा, दुसरा कुठला आहे?

कॅमेरा_कोल्हापुरी

लाव की. पण पडदा मोठा पाहिजे. तू लॅपटॉपवर बघितला असणार, पैज लावतो.

हा सिनेमा व्हिस्टाव्हिजनमधे शूट झालाय. पॅरामाउंटनं ते १९५४ मधे आणलं. साध्या कॅमेऱ्यात पस्तीस एमेमची फिल्म उभी पळते, यात आडवी पळते, त्यामुळं एकेका फ्रेमला दुपटीच्या आसपास जागा मिळते, मग प्रिंट काढली की दाणा बारीक आणि लांबचा डोंगरसुद्धा कड धरून उभा. टीव्ही घराघरात घुसला होता, लोकांना थेटरात परत ओढायचं होतं, म्हणून ही सगळी खटपट. तर हा पिक्चर बोलण्यासाठी नाहीच, तो नदी आणि डोंगर बघण्यासाठी आहे. वायोमिंगमधे, ग्रँड टीटनच्या पायथ्याला शूटिंग केलंय आणि ते डोंगर असे सुळक्यासारखे एकदम जमिनीतनं वर येतात की बाकी सगळं माफ करावं वाटतं.

दुसरं म्हणजे दिग्दर्शक रुडॉल्फ माटे हा मूळचा कॅमेरामन. साधासुधा नव्हे, १९२८ च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' चा कॅमेरा त्याचा, ते चेहऱ्यांचे क्लोजअप बघितलेत ना, ते. 'गिल्डा' पण त्याचाच. आता असा माणूस खुर्चीत बसल्यावर चौकट चुकणार नाही, पण चौकटीतली माणसं जिवंत करायचं काम कॅमेऱ्याचं नसतं, ते पटकथेचं, आणि तिथं बोंब आहे. पोरांना हेच दाखव, की चांगला कॅमेरा वाईट पटकथेला कुठवर ओढून नेतो.

इतिहासाची_बाई

कॅमेरावाले दादा, डोंगर झकास आहेत, पण मोहीम त्या डोंगराकडनं गेलीच नव्हती. ते लोक बरेच उत्तरेकडनं, लेम्ही खिंडीतनं आणि बिटररूट डोंगरातनं गेले. असो, तेवढं मी सोडून देईन. शूटिंगला जिथं रस्ता तिथं कॅमेरा.

रंकाळा, तुम्ही दहा मिनिटं काय बोलू विचारलंत म्हणून लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, बाळ कुठाय? सॅकाजावीया मोहिमेत आली ती कुणाची प्रेयसी म्हणून नाही. ती मूळ शोशोनी, बारा-एक वर्षांची असताना हिदात्सा टोळीनं हल्ल्यात पळवून नेलेली, पुढं तुसाँ शार्बोनो नावाच्या फ्रेंच कॅनेडियन व्यापाऱ्याची बायको झाली, तीही तिला विचारून वगैरे नव्हे. लुईस-क्लार्क १८०४ च्या हिवाळ्यात मँडन जमातीच्या गावाजवळ थांबले तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची आणि गरोदर होती. ११ फेब्रुवारी १८०५ ला मुलगा झाला. लुईसनं ते लिहून ठेवलंय: कळा लांबल्या, तेव्हा तिथल्या एकानं सांगितलं की रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा थोडा कुस्करून पाण्यातनं द्या. लुईसकडं तो होता. दिला, आणि दहा मिनिटांत बाळ बाहेर. त्यामुळंच झालं का, हे मी ठरवत नाही असं पण तो लिहितो, चांगला शंकेखोर माणूस होता. दोन महिन्यांनी ती तान्ह्या पोराला घेऊन निघाली आणि पॅसिफिकपर्यंत जाऊन त्याला घेऊन परत आली.

सिनेमात हे पोरगंच नाही! सरळ उडवलंय. कारण काखेत पोर असेल तर हेस्टनबरोबर चांदण्यात उभं राहता येत नाही. अमेरिकेनं २००० साली तिचं एक डॉलरचं नाणं काढलं त्यावर ती बाळाला पाठीशी घेऊन आहे. म्हणजे टांकसाळीला जे सुचलं ते हॉलिवूडला सुचलं नाही. आणि नवरा शार्बोनो सिनेमात आहे, पण नवरा म्हणून नाही, तिच्यावर डोळा ठेवून असलेला खलनायक म्हणून. म्हणजे वाट मोकळी.

आता ज्युलिया. हे ऐका. क्लार्कनं खरंच मे १८०५ मधे एका नदीला तिच्यावरनं नाव दिलं, जूडिथ नदी (ज्युलियालाच जूडिथ म्हणत), आजही मोंटानात त्याच नावानं आहे. म्हणजे मनात होती हे खरं. पण तेव्हा ज्युलिया हॅनकॉक तेरा वर्षांची होती. जानेवारी १८०८ मधे लग्न झालं तेव्हा सोळाची. आणि सिनेमात मोहीम निघायच्या आधी तिच्यापायी दोन मोठे बाप्ये झुरतायत आणि ती आहे बार्बरा हेल, पुढं पेरी मेसन मालिकेत डेला स्ट्रीट झालेली, चांगली तिशी ओलांडलेली. लुईस आणि ज्युलियाचं काही होतं, याला तर काडीचा आधार नाही.

आणि त्या दोघांचं वैर? अहो, नेमकं उलटं होतं. लुईसनं क्लार्कला शब्द दिला होता की आपण दोघंही कॅप्टन, बरोबरीनं. सरकारकडनं कागद आला तो लेफ्टनंटचा. लुईसनं काय करावं, तो कागद दडवला, माणसांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही आणि क्लार्कला कॅप्टन क्लार्कच म्हणत राहिला. दोन माणसं अडीच वर्षं एकत्र हुकूम चालवतात आणि भांडत नाहीत, ही केवढी दुर्मीळ गोष्ट आहे, आणि हे लोक तिथं प्रेमाचा त्रिकोण घुसडतात.

बाणांचं पण तसंच. पूर्ण मोहिमेत आपला एकच माणूस मेला, सार्जंट फ्लॉइड, तो पण पोटाच्या दुखण्यानं, बहुतेक अपेंडिक्स. रक्त सांडलेली खरी चकमक एकच, परतीच्या वाटेवर जुलै १८०६ मधे ब्लॅकफीट जमातीशी, त्यात त्यांच्यातले दोन गेले. बाकी सगळा मामला बोलणी, भेटी, घोड्यांची देवघेव आणि पोटाची भ्रांत असा.

आता मला जो प्रसंग पडद्यावर बघायचा होता तो सांगते. ऑगस्ट १८०५. नदी संपली, पुढं डोंगर, घोडे मिळाले नाहीत तर मोहीम तिथंच खलास. शोशोनी लोक भेटले, बोलणी सुरू करायला सॅकाजावीयाला आत बोलावलं. ती बसली, समोरच्या सरदाराकडं बघितलं आणि एकदम उठून धावली, आपलं ब्लँकेट त्याच्या अंगावर टाकलं आणि रडायला लागली. सरदार कॅमेहवेट म्हणजे तिचा भाऊ! मग डोळे पुसून परत जागेवर बसून दुभाष्याचं काम सुरू, आणि मधेच परत रडू. एक वाक्य कसं जायचं बघा: कॅप्टन इंग्लिशमधे बोलणार, एकजण ते फ्रेंचमधे सांगणार, शार्बोनो हिदात्सात, ती शोशोनीत, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं. ह्या साखळीतली सगळ्यात मोलाची कडी म्हणजे ही पोरगी. सिनेमात भाऊ आहे, शोशोनी आहेत, पण या सगळ्यातलं मला काही हाती लागलं नाही.

शेवटचं. मोहीम संपल्यावर शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट आणि ३२० एकर जमीन मिळाली. तिला शून्य. क्लार्कचा गुलाम यॉर्क सगळी मोहीम बरोबर होता, त्यालाही शून्य. वॉशिंग्टनचा तो चिठ्ठीबिठ्ठीचा शेवट तर निव्वळ कल्पना, ती तिकडं गेलीच नव्हती. मँडन गावातच ती आणि नवरा मागं राहिले, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते १८१२ च्या डिसेंबरात ती वारली, पंचविशीच्या आत.

नाद_एकच

बाई, एवढं माहीत असताना कुठलाच ऐतिहासिक पिक्चर तुम्हाला आवडणार नाही. राग मानू नका. १९५५ चा पिक्चर आहे, लोक तिकीट काढून हेस्टन आणि हिरॉईन बघायला यायचे, पाचवीचं पुस्तक बघायला नाही. लव्हस्टोरी नसती तर प्रोड्युसरनं पैसे तरी घातले असते का. आणि आपल्याकडं काय वेगळं चाललंय, ऐतिहासिक म्हटलं की एक लावणी, एक विरहगीत आणि शेवटच्या अर्ध्या तासात स्लो मोशन. मला तर पिक्चर ठीक वाटला, रविवारी दुपारी जेवून आडवं पडून बघण्यासारखा.

इतिहासाची_बाई

राग कशाला मानू, पण माझा मुद्दा तो नाहीच. खोटं घाला की, पण खऱ्यापेक्षा चांगलं तरी घाला. इथं खरी गोष्ट जास्त भारी होती आणि यांनी ती काढून त्या जागी पुचाट घातली. आणि लव्हस्टोरीच पाहिजे होती तर क्लार्क आणि त्या बाळाची घ्यायची. क्लार्कनं त्या पोराचं नाव पॉम्प ठेवलेलं, मोहीम संपल्यावर शार्बोनोला पत्र लिहून कळवलं की पोराला माझ्याकडं दे, मी वाढवतो, आणि खरंच सेंट लुईसमधे त्याच्या शिक्षणाचं बघितलं. पुढं तो एका जर्मन राजपुत्राबरोबर युरोपात जाऊन काही वर्षं राहून आला, परत येऊन डोंगरात वाटाड्या झाला, कॅलिफोर्नियात अधिकारी झाला आणि १८६६ मधे गेला. ह्या एका पोरावर तीन पिक्चर निघतील.

जुना_डोअरकीपर

मी वयानं तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे म्हणून जरा बोलतो. आमच्या वेळी कोल्हापुरात इंग्रजी पिक्चर सकाळच्या खेळाला लागायचे, भाषा निम्मी कळायची नाही पण घोडे कळायचे. वेस्टर्न म्हणजे आमच्या लेखी घोडे, धूळ आणि बंदूक, प्रेमाचा सीन आला की मागच्या बाकावरनं शिट्ट्या आणि पुढची पोरं शेंगा आणायला बाहेर. त्यामुळं असल्या पिक्चरचा निम्मा भाग आम्ही बाहेरच काढलेला.

पण नाद_एकच जे म्हणतोय की लव्हस्टोरीशिवाय ऐतिहासिक चालत नाही, त्यावर बोलायचंय. अरे, आपल्या गावात भालजींनी ही गोष्ट कधीच सोडवून ठेवलीये. १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा' बघ, जयश्री गडकर, आनंदघन नावानं लताबाईंचं संगीत. काळ शिवाजी महाराजांचा, पण प्रेम कुणाचं? गोष्टीतल्या माणसांचं. महाराजांना कुणी चांदण्यात उभं केलं नाही. महाराज महाराजांच्या जागी, त्यांच्यामुळं साध्या माणसांच्या आयुष्यात काय उलथापालथ होते ती गोष्ट. आता हेच त्या लुईस क्लार्कच्या पिक्चरला लावून बघ. तीस-बत्तीस माणसं होती ना मोहिमेत? त्यातला एखादा होडी ओढणारा घे, त्याला लाव प्रेम, कोण विचारतंय! खऱ्या माणसाला हात लावला की मग त्याची खरी बायको, खरं पोर, खरा मित्र सगळे आडवे येतात, आणि त्यांना बाजूला करता करता पिक्चर पांगळा होतो. इथं तेच झालंय.

आणि अजून एक, ती शेवटी निघून का जाते? त्या वेळच्या हॉलिवूडचा हा ठरलेला साचा. गोरा हिरो आणि तिथली मूळची बाई यांचं जमलं की शेवटी बाईनं एकतर मरायचं नाहीतर समजूतदारपणे निघून जायचं, म्हणजे हिरो मोकळा आणि प्रेक्षक पण निवांत. 'ब्रोकन ॲरो' १९५० चा, कितीतरी पटीनं चांगला पिक्चर, तरी त्यात पण जेम्स स्टुअर्टच्या बायकोला गोळी लागतेच. रंकाळा, तुझ्या कॉलेजच्या पोरांना हा साचा दाखव. एकदा दिसला की पुढं पन्नास पिक्चरमधे दिसत राहील.

रंकाळा_संध्याकाळ

काका, बाई, सगळ्यांचे आभार. कॅमेरावाले, लॅपटॉपवर नव्हता बघितला, टीव्हीवर बघितला, पैज हरलात, मिसळ लागू.

मला एवढंच कळलं की पूर्ण पिक्चर लावला तर लोक मधेच उठणार, खास करून आमचे रिटायर्ड, ते तर चप्पल शोधायला लाईट लावायला सांगतात. पण बाईंनी लिहिलेलं वाचल्यावर वाटतंय की यातली पंधराएक मिनिटं लावावीत आणि त्या जागी खरं काय घडलं ते सांगावं, आणि मग दुसरा पिक्चर लावावा. त्या दुसऱ्याचंच अजून कुणी सांगितलं नाही. केन बर्न्सची १९९७ ची डॉक्युमेंटरी आहे हे मला माहितीये, पण ती चार तासांच्या आसपास आहे, क्लासवाले साडेनऊला कुलूप लावतात.

आणि तो रंग फासण्याचा विषय काढू का? आमच्यातली काही मंडळी लगेच म्हणतील की तेव्हा तसंच चालायचं, काय उकरून काढतोस.

उद्यमनगर_लेथ

काढ की, तेव्हा चालायचं म्हणून आता बोलायचं नाही असं थोडंच आहे.

पिक्चर मी सांगतो. 'द बिग स्काय', १९५२, हॉवर्ड हॉक्सचा, कर्क डग्लस. तीच मिसुरी नदी, तसाच होडीनं वर जायचा प्रवास, काळ तिथनं पाव शतक पुढचा, १८३२. फरक एवढाच की यात इतिहासातला कुणी मोठा माणूस हिरो नाही, व्यापारी आणि त्यांचे होडीवाले. म्हणजे डोअरकीपर काका म्हणतायत तेच. ब्लॅक अँड व्हाईट आहे, पण होडी दोरानं ओढताना माणसं कशी वाकतात ते बघा, अंगावर काटा येतो. मी लोखंडात काम करणारा माणूस आहे, मला माणूस काम करताना दाखवला की पिक्चर आवडतो. ग्रँड टीटनचे डोंगर पण आहेत, म्हणजे कॅमेरावाल्याची सोय झाली.

लुईस क्लार्कचं मला कशाचं वाईट वाटतं सांगू? यांच्या ५५ फुटी होडीबद्दल कुणी बोलत नाही. आणि लुईसनं हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात एक लोखंडी सांगाड्याची घडीची होडी बनवून घेतली होती, ३६ फूट लांब, सुटे भाग करून इतक्या लांब वाहत नेलेली. मिसुरीच्या मोठ्या धबधब्यापाशी नद्या सोडून सामान खांद्यावर न्यायची वेळ आली, तेव्हा कॉटनवुडच्या खोडाच्या चकत्या कापून चाकं केली, गाडे केले आणि अठरा मैल ओढले, सगळं मिळून महिनाभर गेला. मग जुलै १८०५ मधे ती लोखंडी होडी जोडली, वर कातडी चढवली आणि पाण्यात सोडली. आता शिवणीच्या भोकांना लावायला डांबर पाहिजे, त्यासाठी पाईनची झाडं पाहिजेत, आणि तिथं पाईनच नाही! कोळशाची भुकटी, चरबी आणि मधमाश्यांचं मेण कालवून लावलं, ते सुटलं, होडी गळायला लागली. एवढ्या लांबनं आणलेला जॉब सीलिंगपायी फेल. लुईसनं तो सांगाडा तिथंच पुरला. वर्कशॉपमधे ज्यानं कधी रात्रभर बसून मशीन जुळवलंय आणि सकाळी पहिल्या ट्रायलला तेल गळताना बघितलंय त्याला विचारा हे काय असतं ते. मला सिनेमात हे पाहिजे होतं. मिळालं काय, तर मॅकमरे रुसलाय.

'बिग स्काय' मधे पण प्रेम आहे हां. ब्लॅकफूट मुलगी आहे, टील आय, ते काम एलिझाबेथ थ्रेट नावाच्या मुलीनं केलंय, तिचा हा एकुलता एक पिक्चर. आणि पुढचं वाचू नका कुणाला बघायचा असेल तर: शेवटी ती कुठं जात नाही, पोरगाच तिच्याकडं राहतो. काकांचा साचा मोडला की नाही?

इतिहासाची_बाई

वा लेथदादा, होडीचं भारी लिहिलंत. पोरांना हे आवडेल.

रंकाळा, सांगताना अजून एक घाला. जानेवारी १८०६, समुद्रकाठी हिवाळा काढत होते. बातमी आली की किनाऱ्याला देवमासा लागलाय, क्लार्क काही माणसं घेऊन चरबी आणायला निघाला. सॅकाजावीयानं हट्ट धरला की मी पण येणार, एवढ्या लांब चालत आले, मोठं पाणी अजून बघितलं नाही, आणि आता हा राक्षसी मासा आलाय तर तो पण बघू देत नाही म्हणजे काय! क्लार्कनं हे वहीत लिहून ठेवलंय. गेली ती, पोराला घेऊन. पोचेपर्यंत नुसता सांगाडा उरला होता, क्लार्कनं मोजला, १०५ फूट भरला. पूर्ण मोहिमेत तिनं स्वतःसाठी मागितलेली म्हणून जी गोष्ट नोंदली गेलीये ती ही.

नाद_एकच

बरं बाबा, हे असतं पिक्चरमधे तर मी पण आडवा न पडता बघितला असता.

कॅमेरा_कोल्हापुरी

मिसळ मान्य, पण 'बिग स्काय' ची चांगली प्रिंट शोध. यूट्यूबवर असेल ती कोळसा फासल्यासारखी असेल तर नदीबिदी काही दिसायचं नाही. आणि सबटायटल आधी तपासून घे, टील आय इंग्रजी बोलत नाही, तिथं कुणीतरी उगाच काहीबाही टाइप करून ठेवलेलं असतं.

उद्यमनगर_लेथ

वार कुठला ठरतोय ते लवकर सांगा. सोमवारी ठेवला तर मी आणि शॉपमधले अजून दोघंतिघं येतो, आमची सुट्टी सोमवारी असते. खुर्च्या कमी पडल्या तर दोन बाकं टेम्पोत घालून आणतो.